शेवटचा मुक्काम बँकॉक: मित्रांसोबतची लांबलचक बॅकपॅकिंग नीट कशी आवरायची

आग्नेय आशियात महिना-दोन महिने भटकणाऱ्या मराठी पोरापोरींचा मार्ग बहुतेक वेळा सारखाच असतो. व्हिएतनाममध्ये उतरायचं, लाओस करायचं, उत्तर थायलंडमध्ये थोडं लोळायचं आणि बँकॉकहून मुंबईचं विमान धरायचं. शेवटासाठी बँकॉक सोयीचं आहे यात वाद नाही. मुंबईला साडेचार तासांच्या आत पोचवणारी विमानं आहेत, राहणं स्वस्त आहे आणि रात्री दोन वाजताही पोटभर खायला मिळतं.

सुरुवातीच्या तयारीवर सगळे बोलतात. कुठली सॅक, किती टी-शर्ट, कुठला विमा. शेवटाची तयारी मात्र कोणी करत नाही. त्या टप्प्यावर सगळे थकलेले असतात, पैसे संपत आलेले असतात आणि चौघांची चार विमानं असतात. त्यात अर्धा हिशोब फोनमध्ये आणि अर्धा डोक्यात. बँकॉकला तुम्ही फिरायला नाही, आवरायला आलेले असता, हे आधी मान्य केलं की पुढचं सोपं जातं. कमीत कमी तीन रात्री ठेवा. एकाच रात्रीत धुणं, खरेदी, हिशोब आणि पार्टी बसत नाही. बसवायला गेलात की पहिला बळी हिशोबाचा जातो आणि तो वाद पुण्याला परतल्यावरही चालू राहतो.

१. तिकीट उघडून तीन गोष्टी वाचा

पहिली, विमानतळ. बँकॉकला दोन आहेत. सुवर्णभूमी शहराच्या पूर्वेला, डॉन म्युआंग उत्तरेला. कोड अनुक्रमे बीकेके आणि डीएमके. ट्रॅफिक असेल तर एकाहून दुसऱ्याकडे जायला दीड-दोन तास सहज जातात. दोन्हींच्या मधे मोफत शटल बस आहे, पण ती तिकीट दाखवणाऱ्या प्रवाशांसाठी आहे आणि चुकून भलत्याच विमानतळावर गेलेल्याचं विमान त्या बसने वाचत नाही. गटातल्या प्रत्येकाचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर प्रत्येकाचा कोड पाहा. "आपलं सगळ्यांचं सुवर्णभूमीच आहे" असं एकजण म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका.

दुसरी, मध्यरात्र. भारताकडे येणारी बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल तर तुम्हाला १४ च्या संध्याकाळी निघायचं आहे. १५ च्या दुपारी आरामात सॅक भरत बसलेला माणूस मी हॉस्टेलात पाहिला आहे. बिचाऱ्याला कोणी सांगावं हेच कोणाला कळत नव्हतं.

तिसरी, पासपोर्टवरचा शिक्का. थायलंडमध्ये किती दिवस राहता येईल हे ठरवणारी गोष्ट म्हणजे शिक्क्यावर लिहिलेली तारीख. "साठ दिवस मिळतात म्हणे" हे ऐकीव गणित बाजूला ठेवा, नियम बदलत असतात. जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,००० बाट. बाटाचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा, म्हणजे एका दिवसाचा दंड साडेबाराशे ते पंधराशे रुपये. तेवढ्यात शेवटच्या रात्रीचं झकास जेवण होतं.

लाओसहून किंवा कुठूनही थायलंडमध्ये परत शिरताना टीडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. मे २०२५ पासून जुन्या कागदी कार्डाऐवजी तो आला. जमिनीवरच्या नाक्यावरून आलात तरी भरायचा, आणि दर प्रवेशाला नव्याने भरायचा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येतो आणि तो मोफत आहे. शोधलं की वरच्या काही साइट त्यासाठी पैसे मागतात. पैसे मागितले की ती साइट बंद करा आणि थाई इमिग्रेशनची सरकारी साइट उघडा.

२. शहरात शिरताना कुठे उतरताय ते पाहा

जुन्या ब्लॉगांत अजूनही "हुआ लाम्फोंग स्टेशनला उतरा" असं लिहिलेलं सापडेल. १९१६ चं ते सुंदर स्टेशन अजून आहे, पण जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या, अवाढव्य स्टेशनवर येतात. लोक त्याला अजून बांग सू म्हणतात. चियांग माईची रात्रीची गाडी इथेच येते, प्रवास साधारण तेरा तासांचा. स्लीपरमध्ये खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद आणि थोडा महाग असतो. सहा फुटी मित्राला तो द्या, बाकीचे वर जा. स्टेशनखालीच मेट्रोची निळी लाइन मिळते.

लाओसमधून येणाऱ्यांसाठी चांगली बातमी अशी की जुलै २०२४ पासून व्हिएन्तियानहून थेट बँकॉकला रात्रीची गाडी आहे. पूर्वी नोंग खाईला गाडी बदलावी लागायची.

बसने येत असाल तर एक सापळा आहे. उत्तरेकडच्या बस मो चित टर्मिनलला येतात, आणि मो चित नावाचं स्कायट्रेनचं स्टेशनही आहे. नकाशावर नावं तीच, पण मधे चांगली पायपीट आहे. पाठीवर पंधरा किलो घेऊन पहाटेच्या उकाड्यात ती करू नका. तिघे-चौघे असाल तर सरळ मीटरवाली टॅक्सी घ्या.

कंबोडियाहून येणाऱ्यांना मात्र सूचना. २०२५ च्या सीमासंघर्षात थायलंड आणि कंबोडियामधली जमिनीवरची नाकी बंद झाली. सिएम रीपहून बसने येण्याचा जुना बेत आखण्याआधी नाकी उघडली आहेत का ते पाहा, नाहीतर विमानाचे पैसे बाजूला ठेवा.

३. राहायचं सगळ्यांनी एकत्र, पण खाओ सानच्या ऐन रस्त्यावर नाही

खाओ सान रोड बॅकपॅकरांचा अड्डा. एकदा पाहावा, एक संध्याकाळ बसावंही. झोपायला मात्र तो रस्ता वाईट. दोन बारची गाणी एकाच वेळी उशीत शिरतात. शिवाय तिथे मेट्रो नाही, सगळ्यात जवळचं साम योत स्टेशनही दोनेक किलोमीटरवर.

तो परिसर, म्हणजे बांगलाम्फू, हवाच असेल तर मागच्या रामबुत्री गल्लीत किंवा कालवा ओलांडून साम सेनच्या बाजूला खोली घ्या. पाच मिनिटं चाललं की खाओ सान, आणि रात्री झोपही लागते. इथला दुसरा फायदा नदीचा. फ्रा आथित धक्क्यावरून केशरी झेंड्याची बोट १६ बाटात मिळते. ट्रॅफिक कितीही असो, बोट अडकत नाही. फक्त ती संध्याकाळी लवकर बंद होते, रात्री परतायला तिच्यावर भिस्त ठेवू नका.

विमान सकाळचं असेल किंवा गटातल्या कोणाला गोंगाट अजिबात सोसत नसेल तर फाया थाई भागात राहा. विमानतळाची रेल्वे तिथूनच सुटते.

एरवी डॉर्ममध्ये राहणाऱ्यांनीही या शेवटच्या रात्री एक मोठी खाजगी खोली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. सॅक पूर्ण उलटी करायला जमीन लागते. डॉर्ममध्ये ते करता येत नाही, आणि केलंत तर खालच्या बर्थवरचा जर्मन मुलगा तुमच्याकडे तीन दिवस बघत राहतो. चौघांत वाटली की खोली डॉर्मपेक्षा फारशी महाग पडत नाही. बुकिंग करतानाच उशिरा चेक-आउट मिळेल का आणि नंतर सॅक ठेवता येतील का, हे विचारून घ्या.

४. पहिला दिवस सॅक उलटी करण्याचा

सकाळी धुणं टाका. बांगलाम्फूच्या गल्ल्यांत किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं जागोजागी आहेत. दुपारी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी घडी घालून मिळतात. देताना फोटो काढून ठेवा. चौघांचे काळे टी-शर्ट एकाच पिशवीत देऊ नका, परत आल्यावर कोणाचा कुठला हे ठरवायला वेळ जातो.

मग सॅक जमिनीवर ओता. पूर्ण. खालच्या कप्प्यासकट, पावसाचं कव्हर असतं त्या खिशासकट. इथे एकमेकांच्या हरवलेल्या वस्तू सापडतात: एकीचा चार्जर दुसऱ्याकडे, कोणाचं तरी औषध, लाओसच्या हॉस्टेलची किल्ली. जे सापडेल ते तिथल्या तिथे ज्याचं त्याला. "मुंबईत देतो" हे वाक्य ऐकलं की ती वस्तू गेली समजा.

या कामाला लागतं ते थोडंसंच: सामान लटकवून वजन करायचा छोटा काटा, झिपच्या दोन-चार पिशव्या, चिकटपट्टी आणि एक रिकामी घडीची पिशवी. काटा नसेल तर रिसेप्शनला विचारा, बहुतेक ठिकाणी असतो. गटात एकच काटा पुरतो, पण तिकिटावरचं वजन प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. स्वस्त तिकिटात कधी फक्त केबिन बॅगेचे सात किलो असतात. विमानतळावर जाऊन वजन वाढवणं आधी ऑनलाइन वाढवण्यापेक्षा बरंच महाग पडतं.

झिजलेल्या चपला, अर्धी शॅम्पूची बाटली, मच्छर अगरबत्ती, ओला टॉवेल हे सगळं सोडा. हॉस्टेलात "घेऊन जा" म्हणून एक फळी किंवा खोका असतो, तिथे ठेवा. उद्या ट्रिप सुरू करणाऱ्या कोणाच्या तरी कामी येतं. सॅकचा बंद उसवला असेल तर बांगलाम्फूच्या फुटपाथवर शिवणयंत्र घेऊन बसलेले लोक दिसतात. हातानं खूण केली तरी समजतं.

जड पुस्तकं किंवा कपडे पोस्टाने पाठवायचे असतील तर थायलंड पोस्टच्या कुठल्याही कचेरीत खोके मिळतात. समुद्रमार्गे स्वस्त, पण महिने लागतात. लवकर हवं तर ईएमएस ही जलद सेवा. महागाची वस्तू असेल तर भारतात त्यावर कर लागू शकतो.

पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात टाकलीत तर सामान थांबतं आणि तुमचं नाव पुकारलं जातं.

५. हिशोब: दुपारी, चहावर, दारूच्या आधी

या लेखात एकच भाग नीट वाचणार असाल तर हा वाचा.

मित्रांच्या ट्रिपचा हिशोब किचकट होण्याचं कारण कोणी लबाड असतं हे नसतं. डोंग, किप, बाट आणि रुपये असे चार चलनांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. व्हिएतनाममध्ये लाखाची नोट साडेतीनशे रुपयांच्या आसपास पडते. दमलेला माणूस ॲपमध्ये एक शून्य कमी टाकतो आणि हॅलाँग बेची सहल अचानक चहाच्या भावात दिसते. म्हणून हिशोबाला बसल्यावर पहिलं काम बेरीज नव्हे. सगळ्यात मोठ्या दहा नोंदी उघडून शून्यं मोजा.

दुसरं, दर. इंटरनेटवरचा दर घेऊ नका. पैसे ज्या दराने खरोखर हाती आले तो घ्या. थायलंडच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं, वर आपल्या बँकेचं वेगळं. ज्याने सगळ्यांसाठी रोख काढली त्याने हे शुल्क एकट्याने का सोसावं? ते सगळ्यांच्या खात्यात टाका. यावर आधी एकमत करा, मग आकडे उघडा.

तिसरं, कोण कशात नव्हतं. दारू न पिणाऱ्याच्या माथी बारचं बिल येतं आणि तो संकोचाने बोलत नाही. डायव्हिंगला न गेलेल्याचंही तेच. हिशोब वाचणाऱ्याने स्वतःच विचारावं, "यात कोण नव्हतं?" संकोची माणसाची वाट पाहू नये. गट सुरुवातीपासून टीटीएमएमवर चालला असेल तरी खोल्या, टॅक्सी आणि तिकिटं एकत्रच निघालेली असतात, त्यामुळे ही बैठक टळत नाही.

चौथं, अजून न आलेले पैसे. स्कूटरची किंवा खोलीची अनामत, रद्द केलेल्या बसचा परतावा. हे ज्याच्या कार्डावर येणार त्याचं नाव लिहून ठेवा आणि आल्यावर वाटायचे की नाहीत हे आत्ताच ठरवा.

स्प्लिटवाइज किंवा तसलं कुठलंही ॲप चालेल, साधी एक्सेल शीटही चालेल. शेवटी सगळं रुपयांत आणा आणि कोणी कोणाला किती द्यायचे एवढ्याच ओळी उरवा. चौघांत जास्तीत जास्त तीन व्यवहार पुरतात. यूपीआयने तिथेच पाठवा. भारतीय सिम फोनमध्ये ठेवलेलं असेल तर हॉस्टेलच्या वायफायवरही काम होतं. दोनशे रुपयांच्या आतला फरक सोडून द्या. त्यासाठी घालवलेल्या अर्ध्या तासात सगळ्यांची मनं कडू होतात.

वेळ दुपारची. पार्टीच्या रात्री हिशोब काढला की दोन बिअरनंतर कोणाला तरी हनोईची टॅक्सी आठवते. आणि पार्टीनंतर काढायचा म्हटलं तर पहिला माणूस तोवर विमानतळावर असतो.

उरलेल्या नोटांचंही इथेच बघा. लाओसचे किप लाओसच्या बाहेर कोणी घेत नाही, ते सीमा ओलांडण्याआधीच संपवायचे. उरलेच तर पुस्तकात खूण म्हणून ठेवा. डोंग आणि बाट सुपररिचसारख्या पैसे बदलणाऱ्यांकडे बदलून मिळतात. सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल्वे स्टेशनाशेजारी, त्यांचे काउंटर आहेत आणि वरच्या मजल्यांवरच्या बँकांपेक्षा तिथे दर बरा असतो. टॅक्सी आणि खाण्यासाठी माणशी पाचशे बाट शेवटपर्यंत ठेवा.

६. खरेदी, आणि काय आणू नये

चतुचक बाजार शनिवार-रविवारी. सत्तावीस विभाग आहेत, सगळे पाहायच्या फंदात पडू नका. सकाळी नऊच्या सुमारास शिरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा. आवडलेलं दुकान "परत येऊन घेऊ" म्हणून सोडलंत तर ते पुन्हा सापडत नाही. समोरच ओर तोर कोर बाजार आहे, फळं पाहायची तर तिथे. ड्युरियन तिथेच खाऊन टाका. हॉटेल, मेट्रो, विमान कुठेच तो चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी कपडे घ्यायचे असतील तर प्रतुनाम. घरच्यांसाठी खाऊ घ्यायला मोठं सुपरमार्केट सगळ्यात सोपं: सुकवलेला आंबा, नारळाच्या वड्या, चहा. करीची पेस्ट घेताना पाकिटामागचं वाचा. बहुतेक पेस्टमध्ये कोळंबी असते आणि घरी आजी शाकाहारी असते.

"टुरिस्टांसाठी व्हॅट परतावा" अशी पाटी असलेल्या दुकानात एका दिवशी २,००० बाट किंवा जास्त खरेदी केली तर परताव्याचा फॉर्म मागा. पासपोर्ट लागतो आणि फॉर्म त्याच दिवशी घ्यावा लागतो. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी कस्टमच्या काउंटरला विचारा, कारण वस्तू दाखवायला सांगितल्या आणि त्या पट्ट्यावरून आत गेलेल्या असल्या तर परतावा विसरा.

आता न आणायच्या गोष्टी. बुद्धमूर्ती, विशेषतः नुसतं मस्तक: परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि शोभेची वस्तू म्हणून ती घेणं थाई लोकांना मनापासून खटकतं. ई-सिगरेट थायलंडमध्येही बंद आणि भारतातही, २०१९ पासून. दारू माणशी दोन लिटरपर्यंत.

गांजाबद्दल स्पष्ट सांगतो. थायलंडने जून २०२२ मध्ये तो मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरी चिठ्ठीचं बंधन आणलं. दुकानं मात्र रस्त्यावर दिसत राहतात, त्यामुळे गैरसमज होतो. भारतात आणणं एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून हायड्रोपोनिक गांजा जप्त झाल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येत असतात. त्यामुळे बँकॉकच्या विमानाकडे कस्टमचं लक्ष जास्त असतं. सॅकच्या खिशात राहिलेलं रिकामं पाकीटही सॅक उलटी केली त्याच दिवशी फेका.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हॉस्टेलात ओळख झालेला कोणीही "एवढी बॅग मुंबईत माझ्या भावाला द्याल का, विमानाचा खर्च देतो" असं म्हणाला तर नाही म्हणा. मराठीत म्हणाला तरी नाही म्हणा. परक्या शहरात आपली भाषा कानावर पडली की माणूस विरघळतो, आणि मागणाऱ्याला ते ठाऊक असतं.

७. शेवटची रात्र

शेवटची रात्र म्हणजे ज्याचं विमान सगळ्यात आधी आहे त्याच्या आदली रात्र. बाकीच्यांच्या हातात अजून दिवस असले तरी.

बेत मोठा आखू नका. दिवसा राजवाडा पाहायचा राहिला असेल तर तो दुपारी साडेतीनला तिकिटं बंद करतो, तिकीट ५०० बाट, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बाहेर गोड बोलणारा माणूस "आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक फक्त वीस बाट" म्हणेल. बंद नसतो. टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते. सरळ दरवाज्यापर्यंत चालत जा.

सूर्यास्ताला था तियन धक्क्याच्या बाजूला, म्हणजे नदीच्या अलीकडे थांबा. वाट अरुण हे देऊळ पलीकडच्या काठावर आहे आणि सूर्य त्याच्या मागे जातो. गच्चीवरच्या बारमध्ये जागा महाग पडते, धक्क्याच्या आसपास उभं राहिलं तरी तेच दिसतं. सगळ्यांचा एक फोटो इथे काढा, नंतर प्रकाशही नसतो आणि लोक शुद्धीतही नसतात.

तिथून याओवारात, म्हणजे चायनाटाउन. मेट्रोचं वाट मांगकोन स्टेशन अगदी जवळ. खाण्यासाठी मी खाओ सानपेक्षा हेच निवडेन. तिथले पॅड थाई पर्यटकांसाठी गोड केलेले असतात, इथे बँकॉकचे लोक स्वतः रांगेत उभे असतात. सोमवारी खाण्याच्या बऱ्याच गाड्या सुट्टीवर असतात, तेवढा वार टाळा. एका जागी पोट भरू नका. चौघांत एक प्लेट, मग पुढची गाडी.

शाकाहारी मित्रासाठी पिवळ्या झेंड्यावरचं लाल अक्षर शोधा. ते आकड्यातल्या १७ सारखं दिसतं आणि त्याचा उच्चार "जे". तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. घरचे जैन असतील त्यांनी मात्र कंदमुळं आहेत का ते विचारून घ्यावं. इतर गाड्यांवर नुसतं "भाजी घाला" सांगून भागत नाही, माशाचा सॉस पडतोच. "माई साई नाम प्ला" म्हणा. तेही जमत नसेल तर जवळच फाहुरात आहे, तिथल्या भारतीय वस्तीत पराठा आणि चहा मिळतो.

नंतर बार हवा असेल तर खाओ सानला जा, पण दोन गोष्टी सांभाळा. तिथे छोट्या बादलीत मिसळून विकतात त्या पेयात किती दारू आहे हे कोणालाच माहीत नसतं. आणि पॅटपाँगकडे "शो फुकट, फक्त ड्रिंकचे पैसे" म्हणत नेणाऱ्याच्या मागे वरच्या मजल्यावर जाऊ नका, बिल खाली येताना कळतं. पासपोर्ट खोलीत, फोनमध्ये त्याचा फोटो. मेट्रो आणि स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात. त्यानंतर ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरची गाडी, किंवा टॅक्सी, पण मीटर लावणारीच. मीटर ३५ बाटाला सुरू होतं. "चारशे बाट" असा आकडा आधीच सांगणाऱ्याला हात हलवून पुढची थांबवा. एक मिनिटात मिळते.

एक आडवळणाची गोष्ट. गटात कोणी गणपतीवाला असेलच. थाई लोक गणपतीला फ्रा फिकनेत म्हणतात आणि मनोभावे पुजतात. सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर त्याचं देऊळ आहे, स्कायट्रेनच्या चित लोम स्टेशनपासून चालत. ब्रह्मदेवाचं प्रसिद्ध एरावन देवस्थानही जवळच. महिनाभर बाहेर राहून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीने तिथे अख्खी आरती म्हटली. शेजारच्या थाई बाईंनी थांबून हात जोडले.

८. विमानतळाकडे

सुवर्णभूमीला एकट्याने जायचं तर फाया थाईहून रेल्वे, जास्तीत जास्त ४५ बाट, अर्ध्या तासाच्या आत. ती पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होऊन मध्यरात्री थांबते, म्हणून पहाटेच्या विमानाला आदल्या रात्री शेवटच्या गाडीने जा किंवा टॅक्सी करा. टॅक्सीत मीटरशिवाय एक्सप्रेसवेचा टोल आपण द्यायचा असतो. ड्रायव्हर तो वाटेत मागतो, त्यात फसवणूक नाही. संध्याकाळी चार ते आठ या वेळात निघायचं असेल तर दीड तास जास्त धरा. डॉन म्युआंगला बांग सूहून लाल लाइनची रेल्वे आहे, ती ट्रॅफिकच्या वरून जाते.

खोली सकाळी सोडलीय आणि विमान रात्री आहे, असं असेल तर सॅक हॉस्टेललाच ठेवा. दोन्ही विमानतळांवर सामान ठेवायची सोय आहे, पण ती महाग.

हातातल्या बॅगेत ठेवायचे कागद आणि वस्तू: पासपोर्ट, तिकिटाची छापील किंवा फोनमध्ये उतरवून ठेवलेली प्रत, व्हॅटचे फॉर्म आणि पावत्या, डॉक्टरी चिठ्ठीसकट रोजची औषधं, पॉवर बँक, उतरल्यावरच्या रिक्षा-टॅक्सीसाठी थोडे रुपये. प्रवासविम्याची पॉलिसी विमानतळावर फेकून देऊ नका. सामान उशिरा आलं तर दावा करायला ती लागते.

फोटो एका सामायिक अल्बममध्ये टाकायचं काम हॉस्टेलच्या वायफायवर, सगळे जवळ असतानाच उरका. घरी गेल्यावर प्रत्येकाला फोन करून मागावे लागतात आणि एकजण कधीच पाठवत नाही.

९. उतरल्यावर

ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त काही आणलं असेल तर लाल चॅनेलने जा आणि आपणहून सांगा. कर भरावा लागतो, एवढंच. हिरव्यातून जाऊन सापडलात तर दंड वेगळा.

सॅक घरात नेण्याआधी गच्चीत किंवा गॅलरीत कडक उन्हात उघडी ठेवा, शिवणींत ढेकूण असू शकतात. कपडे गरम पाण्यात.

पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर "प्रवासाचा थकवा" म्हणून घरी काढू नका. या सगळ्या पट्ट्यात डेंग्यू आहे आणि लाओसच्या काही भागांत मलेरियाही. मलेरिया तर त्याहून उशिराही डोकं वर काढू शकतो. डॉक्टरांना कुठल्या देशांत, कधी होतात ते स्वतःहून सांगा आणि रक्त तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. गटातल्या बाकीच्यांनाही कळवा. डास सगळ्यांना एकाच खोलीत चावलेले असतात.